खिडकीचं उष्टं

१

मितालीला त्या रात्री झोप लागली नाही, आणि कारण कुणाला सांगायची सोय नव्हती. मूल जेवत नाही म्हणून जागणाऱ्या आया जगात ढिगाने असतात. मूल जेवतं म्हणून जागणारी ती एकटीच असावी.

उर्वी साडेपाच वर्षांची. जन्मल्यापासून तिने ताट कधी पूर्ण संपवलं नव्हतं. चार घास खायचे, दोन घास कालवून ठेवायचे, भाजी ताटाच्या कडेला लावून तिचं कुंपण करायचं आणि "डन" म्हणून उठायचं, हा तिचा शिरस्ता. आणि आता नऊ दिवस ताट लख्ख. एक शीत नाही, वरणाचा ओघळ नाही, लोणच्याचा तेलकट डाग नाही. स्टीलच्या ताटावर फक्त एक पातळ, वाळलेला, चकचकीत थर असायचा. पावसानंतर कुंपणावरून गोगलगाय गेली की राहतो तसा. मिताली तो नखाने खरवडायची आणि मग नख तीनदा धुवायची.

असं जेवणाऱ्या मुलीचं वजन वाढायला हवं. बाथरूममधल्या काट्यावर ते एका किलोने कमी दिसत होतं.

"जेवली नाही तरी टेन्शन, जेवली तरी टेन्शन," वरुण सकाळी बूट घालता घालता म्हणाला. "नक्की कुठलं टेन्शन हवंय ते एकदा सांग, आपण मागवू. डिलिव्हरी चालू आहे."

"वजन कमी झालंय तिचं."

"काटा के-मार्टचा, स्वस्तातला आहे, मिताली. तो मला बासष्ट किलो दाखवतो. मी त्याला काही बोलत नाही."

तो हसला, मास्क चढवला, कामावर जायचं परमिट खिशात आहे ना ते चाचपलं आणि गेला. एका सुपरमार्केटच्या गोदामाची कॉम्प्युटर यंत्रणा तो सांभाळायचा. लॉकडाऊनमुळे सगळं मेलबर्न घरापासून पाच किलोमीटरच्या आत कोंडलेलं असताना त्याला मात्र रोज चाळीस किलोमीटर जावं लागायचं. आणि तिथूनच मितालीच्या सगळ्या नियमांची सुरुवात झाली होती.

२

नियम मार्चमध्ये झाले. ज्याचं त्याचं ताट, ज्याचा त्याचा पेला, पेल्यावर नावाची चिकटपट्टी. वरुण आला की थेट बाथरूम. भाज्या साबणाच्या पाण्यात. आणि शेवटचा नियम, जो तिला स्वतःलाच सगळ्यात जड गेला: उष्टं बंद.

पाच वर्षं उर्वीच्या ताटातलं उरलेलं मितालीने खाल्लं होतं. त्यात विशेष काही नव्हतं. तिच्या आईने तिचं खाल्लं होतं, आजीने आईचं. लाळेने भिजलेलं बिस्किट, अर्धवट चावून बाहेर काढलेला बटाटा, हे सगळं तिने टीव्ही बघता बघता तोंडात टाकलं होतं आणि आपण काय खातोय याचा विचारही केला नव्हता. आता विचार यायला लागला. रोज संध्याकाळच्या बातम्यांत थेंब, तुषार, चाचणीसाठी नाकात खोल जाणारी ती काडी. लाळ या गोष्टीची तिला अशी किळस बसली की उर्वीने पापा घेतला की ती हसायची आणि मान वळवून, मुलीला दिसणार नाही अशा बेताने, गाल बाहीला पुसायची. उर्वीला दिसायचं. तिला सगळं दिसायचं.

"मग माझं उष्टं कोण खाणार?" उर्वीने तेव्हा विचारलं होतं.

"कुणी नाही. कचऱ्याच्या बिनमध्ये जाईल."

"बिनमध्ये काय काय असतं. Yuck. तिथे माझं कशाला?"

आपण आई म्हणून कमी पडतोय हे मितालीला अशा लहानसहान जागी कळायचं. मोठ्या जागी ती बऱ्यापैकी असायची. लसी, शाळेचे फॉर्म, सनस्क्रीन.

३

शाळा घरात भरत होती आणि मितालीचं कामही. पुण्यात तिने आर्किटेक्चर केलं होतं, पुढे जुन्या इमारतींच्या जतनाचा अभ्यास, आणि हौस म्हणून दोन वर्षं फ्रेंच. त्या हौसेला आता बरे दिवस आले होते. कॉलेजात तिला दोन वर्षं सीनियर असलेली चित्रलेखा इथल्या युनिव्हर्सिटीत होती, आणि तिने मितालीला एक छोटं काँट्रॅक्ट मिळवून दिलं होतं: फ्रान्समधल्या ओब्रिन्याक नावाच्या खेड्यातल्या बाराव्या शतकातल्या चर्चचा इतिहास लिहायचा. प्रवास बंद, म्हणून लोकांना घरबसल्या चर्च दाखवायचं. चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या मादाम रूसेल फोनवर फोटो काढून पाठवायच्या, जुनी दप्तरं स्कॅन होऊन यायची, आणि मिताली क्लेटनच्या भाड्याच्या घरात, एका बाजूला उर्वीचा फोनिक्सचा, अक्षरांच्या उच्चारांचा तास चालू असताना, त्यातून परिच्छेद बनवायची.

चर्च बुटकं, जाड भिंतींचं. आतल्या चुन्यावर ओल चढून चित्रांतल्या संतांचे चेहरे बुरशीने खाल्लेले. एकाला तर जबडाच उरला नव्हता, तिथे काळसर लव होती. मितालीला आवडणारी एकच गोष्ट होती, उत्तरेच्या भिंतीतली कुष्ठरोग्यांची खिडकी. जमिनीपासून हातभर उंचीवर, वीतभर रुंद भोक, तीन फूट जाडीच्या भिंतीतून आरपार. रोग्यांना आत यायची बंदी. ते बाहेर गवतात गुडघे टेकून त्या भोकातून प्रार्थना ऐकायचे, आणि शेवटी आशीर्वादाचा पाव लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून त्यांना बाहेर सरकवला जायचा.

"सोशल डिस्टन्सिंग, बाराव्या शतकातलं," चित्रलेखा व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "हेच हेडिंग कर. क्लिक येतील."

"एक गंमत अजून आहे," मिताली म्हणाली. "सोळाशे सत्याऐंशीच्या दप्तरात एक ओळ सापडली. 'खिडकीची उठावशिल्पं आयांनी घ्यावीत, मुलांनी घेऊ नयेत.'"

"घ्यावीत म्हणजे?"

"म्हणजे ताब्यात, देखभालीला असणार. जुनी भाषा आहे. थोडक्यात, मुलांनी हात लावू नये. जगातली पहिली 'प्लीज डू नॉट टच'ची पाटी."

चित्रलेखा खूश झाली. फक्त एक अडचण होती. खिडकीपाशी कुठलंही शिल्प नव्हतं. मितालीने सगळे फोटो मोठे करून पाहिले. शिल्प नाही, त्याची तुटकी कड नाही, छिन्नीची खूण नाही. फक्त खिडकीच्या खालच्या दगडात एक खळगा होता, अंगठ्याएवढा खोल, गुळगुळीत, तेल लावल्यासारखा काळा.

आणि तो आतल्या बाजूला होता. रोगी तर बाहेर असायचे. आतून तिथे पिढ्यान्‌पिढ्या काय घासलं गेलं असेल, हे तिला सुचेना. तिने फाइलमध्ये लिहिलं, "झीज: कारण अज्ञात," आणि स्वतःच्या प्रामाणिकपणावर थोडी प्रसन्न होऊन उर्वीला जेवायला वाढायला उठली.

४

त्याच दुपारी ती पुन्हा कॉलवर असताना तिने तो आवाज ऐकला. स्वयंपाकघरातून, अगदी हलका. टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग मांजर बशीतून दूध पितं तसा, पण सावकाश: चप्‌. चप्‌. चप्‌. मग पुन्हा टक्.

ती गेली तेव्हा उर्वी जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर लख्ख ताट.

उर्वीच्या मागे भिंतीत एक लाकडी झडप होती. घर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं. त्या काळी इथे बेकरीवाला आणि दूधवाला दारोदार यायचे, आणि त्यांच्यासाठी भिंतीत एक कप्पा ठेवलेला असायचा. बाहेरून त्यांनी पाव ठेवायचा, आतून घरच्या बाईने काढायचा. एकमेकांचं तोंड बघायची गरज नाही. घर भाड्याने घेताना मितालीला हे फार गोड वाटलं होतं. बाहेरची झडप रंगाच्या थरांनी केव्हाच बसून गेली होती. आतली तिने कधी उघडली नव्हती, कारण आत झुरळं असणार.

"आवाज कसला होता?"

"कुठला?"

"चाटण्याचा. ताट चाटलंस?"

"नाही." उर्वी दुखावली. तिचे वरचे पुढचे दोन दात जूनमध्ये पडले होते, त्यामुळे 'स' आणि 'श' हवेतून जायचे. "मी नाही चाटत. I'm not a dog. तिने चाटलं."

"कोणी?"

"बाहेरचीने."

पुण्यात 'बाहेरचं' म्हटलं की बायका आवाज खाली आणतात. मितालीला तो शब्द मुलीच्या तोंडून ऐकून आधी राग आला. ही काय व्हिडिओ कॉलवर आजीकडून शिकली? मग लक्षात आलं की मुलीला मराठीच इतकं येतं. बाहेर असलेली म्हणून बाहेरची. व्याकरण चोख होतं.

"कशी आहे ती?"

"माहीत नाही. आत येत नाही ना. तिला अलाउड नाही." उर्वीने खांदे उडवले. "तिला माझं उष्टं आवडतं. तू खात नाहीस, म्हणून."

मिताली हसली. पालकांसाठीच्या लेखांत लिहिलेलं असतं की काल्पनिक मैत्रीण हे लॉकडाऊनमध्ये स्वाभाविक आहे, हसून घ्यावं. मग तिने झडप उघडली.

आत झुरळं नव्हती. कप्पा रिकामा होता. लाकडाला एक वास होता, आणि तो ओळखायला तिला क्षणभर लागला, कारण भिंतीला तो वास येत नाही. उशीच्या अभ्र्याला येतो. झोपेत तोंडातून गळून वाळलेल्या लाळेचा.

तिने ब्लीचने कप्पा दोनदा धुतला. मग झडप लावून टाकली.

५

"पॉसम," वरुण म्हणाला. "शंभर टक्के. ऑफिसात एकाच्या घराच्या छतात त्या मांजराएवढ्या प्राण्यांचं अख्खं कुटुंब होतं."

"पॉसम रात्री येतात. हे दुपारी होतं."

"मग उंदीर. नाहीतर उर्वी. लहान मुलं खोटं बोलतात, मेट," तो इथल्या लोकांसारखं म्हणाला. "आपण पण बोलायचो."

घरमालक स्पिरो फोनवर मोठ्याने बोलायचा. बाहेरची झडप बेकरीवाला यायचा बंद झाला तेव्हापासून उघडलेली नाही, त्याच्या आईने स्वतः खिळा मारला होता, त्याचीही चार वर्षं होऊन गेली असतील, नाही, चाळीस. खिळा का मारला, असं मितालीने विचारलं. "She didn't like it, love," तो म्हणाला, आणि नळाचं विचारायला लागला.

दुसऱ्या दिवशी मितालीने उर्वीला पोळीचा रोल करून दिला आणि स्वतः दारामागे उभी राहिली. आपण शिकलेली बाई, पस्तिशीला आलेली, आणि पावाच्या कप्प्यावर पाळत ठेवून उभी आहोत, हे तिला दिसत होतं. पण तेवढ्यात शाळेचा कॉल आला, लॉगिन होईना, दहा मिनिटं त्यात गेली. परत आली तर अर्धा रोल कप्प्यात होता आणि उर्वी काही तरी चघळत होती.

"कप्प्यातलं खायचं नाही."

"मी तिला दिलं. तिने मला दिलं. शेअरिंग."

मितालीने रोल पेपर टॉवेलने उचलला. तो ओला होता, जड, पिळला तर पाणी निघेल इतका. टोकाला दातांची खूण होती, अर्धवर्तुळाकार, स्पष्ट. मिताली ती बघत राहिली. कुठल्याही झिजेकडे, खुणेकडे बघायची तिला सवयच होती. वरच्या बाजूला बारीक दातांची सलग रांग होती. मधे कुठेही फट नव्हती.

उर्वीने बाजूच्या दातांनी तोडलं असेल, असं तिने ठरवलं. ठरवता येण्यासारखं होतं ते. तिने रोल तीन पिशव्यांत बांधला.

मग ती बाहेर गेली. घर आणि कुंपण यांच्यामध्ये जेमतेम एका माणसापुरता बोळ होता, तिथे बिन ठेवलेले. बिनच्या मागे बाहेरची झडप. खिळा जागेवर होता, गंजलेला, त्यावर क्रीम रंगाचे कितीतरी थर. सगळ्या कडा रंगाने बुजलेल्या. फक्त खालच्या कडेला, मधोमध, रंग नव्हता. तिथे उघडं लाकूड होतं, गुळगुळीत, काळपट, आणि त्यात एक खळगा. तिने नकळत अंगठा जवळ नेला, मोजायला. अंगठा बरोबर बसला असता. तिने बसवला नाही. खळगा ओला होता, आणि पाऊस चार दिवसांत पडला नव्हता.

समोरच्या मातीत कुणाच्या पायाच्या खुणा नव्हत्या. दोन वाटोळे, उथळ खड्डे होते, शेजारी शेजारी. कुणी बराच वेळ गुडघे टेकून बसल्यासारखे.

६

मादाम रूसेल ऐंशीच्या होत्या. त्या कॅमेरा नेहमी हनुवटीखाली धरायच्या, त्यामुळे मितालीला त्यांच्या नाकपुड्या आणि चर्चचं छत एकाच वेळी दिसायचं. तिकडे सकाळ होती, इकडे संध्याकाळचे पाच. उर्वी शेजारी चित्र काढत होती.

"तुमचा मजकूर वाचला," मादाम म्हणाल्या. "छान आहे. पण खिडकीपाशी शिल्पं नाहीत."

"दप्तरात आहेत. रलिएफ, असं स्पष्ट लिहिलंय."

मादाम हसल्या. मितालीची फ्रेंच पुस्तकी होती, आणि मादामची खेड्यातली, त्यामुळे पुढचं नीट कळायला दोनदा विचारावं लागलं. रलिएफ म्हणजे उठावशिल्प, हो, शहरातल्या माणसाला तसं वाटणार. पण त्यांच्या आजीच्या तोंडी तो जेवणाचा शब्द होता. जेवण झाल्यावर ताटात राहतं ते. दुसऱ्याच्या तोंडून उरलेलं.

मितालीने पेन खाली ठेवलं. इंग्रजीत या गोष्टीला नीट शब्द नाही, हे तिला आयुष्यभर माहीत होतं. फ्रेंचमध्ये असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. खिडकीचं उष्टं आयांनी घ्यावं, मुलांनी घेऊ नये.

"पाव बाहेर जायचा," मादाम म्हणाल्या, "आणि त्यातला एक घास परत आत यायचा. ते लोक ठेवायचे, दगडावर. त्यांचंही काही कुणी घ्यावं, एवढंच."

"आणि लोक ते खायचे?"

"आया. चर्चमधल्या बाकी लोकांना किळस यायची." मादामने कॅमेरा वळवला. खिडकी, दगड, खळगा. त्यांनी रुमालाने तो पुसला, एखाद्या मुलाचं तोंड पुसावं तसा, सहज. रुमाल ओला झाला. "आयांनी घेतलं नाही की मुलं घेतात. मुलं लाजत नाहीत. मार्चपासून चर्च बंद आहे, इथे कुणीच येत नाही, मी एकटी किती पुरी पडणार."

पुढे त्या काही बोलल्या पण चित्र गोठलं, आणि पडद्यावर बराच वेळ तो रुमाल राहिला. मितालीने लॅपटॉप मिटला. शेजारी उर्वी हिरव्या खडूने भिंत रंगवत होती, भिंतीत एक चौकोन. चौकोनात तिने काहीच काढलं नव्हतं, फक्त गुलाबी रंग खूप दाबून भरला होता, कागद फाटेपर्यंत.

योगायोग, मितालीने स्वतःला सांगितलं. मी दिवसभर त्या खिडकीबद्दल बोलते, मूल ऐकतं, मूल खेळतं. मांजर बोळात येतं. रोल बाजूने तोडला. एकेक गोष्ट सुटी करून ठेवली की प्रत्येकीला कारण होतं. एकत्र मात्र ती त्यांना येऊ देत नव्हती.

त्या रात्री उर्वीचे कपडे बदलताना तिच्या बरगड्या मोजता आल्या.

७

सकाळी मितालीने ठरवलं. झडपेला आतूनही खिळे मारायचे, ते वरुण आल्यावर. पण त्याआधी एक काम तिचं होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणाला जमणारं नव्हतं.

"उर्वी, इकडे ये. माझं चुकलं."

उर्वीने संशयाने पाहिलं. आई चुकते ही बातमी नवी होती.

"तुझं उष्टं आजपासून मी खाणार. पहिल्यासारखं. बिनमध्ये नाही, कप्प्यात नाही. मला द्यायचं."

"जर्म्स?"

"असू देत. तुझेच आहेत."

"आणि पापा घेतला की पुसणार नाहीस?"

मितालीला गालावर चपराक बसल्यासारखं झालं. "नाही पुसणार."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

उर्वीने तिच्या गालाचा सावकाश, ओला, मुद्दाम ओला पापा घेतला आणि मागे सरून बघत राहिली. मितालीने हात मांडीवर ठेवले. गालावर थुंकी गार होत गेली. ती हसत बसली.

दुपारी तिने वरण-भात केला, वर तूप, लिंबू. मुद्दाम थोडा जास्त वाढला, म्हणजे उरेल. ती समोर बसणारच होती, पण चित्रलेखाचा फोन आला. शिल्पांचा परिच्छेद काल रात्रीच वेबसाइटवर गेला होता, आणि मितालीने खरा अर्थ कळवल्यावर आता तो काढायचा का, काढून काय लिहायचं, हे तिला विचारायचं होतं. मिताली दारात उभी राहून एक डोळा मुलीकडे ठेवून बोलत होती. उर्वी शहाण्यासारखी जेवत होती. चित्रलेखा म्हणाली, "'उष्टं' लिहिणार इंग्रजीत कसं? लेफ्टओव्हर्स? त्यात ती घाण येत नाही." मिताली क्षणभर खिडकीबाहेर बघत विचार करत राहिली. क्षणभरच.

टक्.

ती वळली. उर्वी कप्प्यासमोर होती. झडप उघडी. मितालीने फोन ओट्यावर टाकला आणि वाकली, मुलीच्या खांद्यावरून आत पाहिलं. कप्प्याच्या टोकाला, बाहेरच्या झडपेखाली, जिथे लाकूड झिजलं होतं तिथून दिवसाच्या उजेडाची बारीक रेघ येत होती. वीतभर लांब, पांढरी. तिच्या देखत त्या रेघेचा मधला तुकडा नाहीसा झाला. तिथे काही तरी होतं, उजेडाआड, गुलाबी, ओलं, आणि ते लाकडावरून डावीकडून उजवीकडे सरकलं, अगदी सावकाश, काहीही उरू नये अशा काळजीने. मग रेघ पुन्हा पूर्ण झाली.

मांजर, मितालीच्या डोक्याने सांगितलं. मांजरांची जीभ गुलाबी असते. चार बोटं रुंद नसते, हे सांगायला डोकं थोडं थांबलं.

कप्प्यात, अलीकडच्या कडेला, भाताचा एक घास ठेवलेला होता. गोल, नीट वळलेला, तुपाने चमकणारा. उर्वीने त्याकडे हात नेला.

"थांब," मिताली म्हणाली. "काय ठरलंय आपलं? तुझं उष्टं कोण खाणार?"

उर्वीचा हात थांबला. तिने घासाकडे पाहिलं, मग आईकडे. "तू?"

"मी."

"सगळं?"

"सगळं."

मुलीच्या चेहऱ्यावर इतका आनंद उमटला की मितालीला आता मागे फिरता येणार नव्हतं. हे माझ्याच मुलीचं आहे, तिने स्वतःला बजावलं. मीच रांधलेलं, मीच वाढलेलं. पाच वर्षं खाल्लं, आणखी एकदा खायचं, की मूल भिंतीपासून सुटेल. आणि बाहेर जे काही असेल त्याला कळेल की या घरात आई आहे. हा शेवटचा विचार तिचा नव्हता, म्हणजे शिकलेल्या मितालीचा नव्हता. तिने तो येऊ दिला.

तिने घास उचलला. तो चिकट होता. वरच्या बाजूला आडव्या वळ्या उठल्या होत्या, मधोमध एक शीर, आणि तिच्या दोन्ही अंगांना कमानीसारख्या वाकत गेलेल्या बारीक रेघा. उर्वीची बोटं, तिला वाटलं. नाहीतर चमच्याची खूण. एरवी तिने ही वस्तू छतातल्या कमानींचा नमुना म्हणून टेबलावर ठेवली असती.

तिने घास तोंडात टाकला.

बाहेर नऊ अंश तापमान होतं. भिंतीतला तो कप्पा फ्रिजसारखा गार होता. घास कोमट होता. तुपाचा स्वाद नाही, लिंबाचा नाही, मिठाचाही कणभर नाही. आधीच कुणी तरी त्यातली सगळी चव काढून घेतली होती. चावायची गरजच पडली नाही. तो जिभेवर पसरला, वर चढला, आणि मितालीच्या टाळूला जाऊन बसला. तिने तो सोडवायला जीभ वर लावली, आणि तिच्या जिभेला लागल्या तिच्या स्वतःच्या टाळूच्या वळ्या. मधली शीर. दोन्ही अंगांना कमानी.

तिने गिळलं. गिळणं आपोआप झालं.

ओट्यावरच्या फोनमधून चित्रलेखा "हॅलो? हॅलो, मिताली?" म्हणत होती. उर्वी जवळ आली, आईची हनुवटी धरून तिने तिचं तोंड उघडायला लावलं, आणि ते रिकामं आहे याची डॉक्टरसारखी खात्री करून घेतली. मग मागे वळून टेबलावरचं ताट आणलं आणि दाखवलं. ताटात एक शीत नव्हतं, पण ते लख्खही नव्हतं. वरणाचे ओघळ होते, लिंबाची बी होती, लहान बोटांचे फराटे होते.

"बघ, आज मी माझं सगळं संपवलं," उर्वी म्हणाली. "तो घास तिचा होता. ती विचारतेय, आता तुझा घास कधी देणार?"